दापोडीच्या बागेपासून तळेगावच्या माळापर्यंत

२०२४ साली लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या नियतकालिकात एका नव्या वनस्पतीचं वर्णन प्रसिद्ध झालं. तिचं नाव डिक्लिप्टेरा पॉलिमॉर्फा. अडुळसा, कोरांटी आणि कारवी ज्या कुळातल्या, त्याच कुळातली ही. ती सापडली तळेगाव दाभाड्याच्या माळावर. लोहमार्ग, जुना महामार्ग, द्रुतगती मार्ग, चाकणकडे दिवसरात्र धावणारे कंटेनर, एमआयडीसीचे टप्पे आणि नव्या वसाहती यांच्या मधोमध जे गवताळ उतार उरले आहेत, तिथे ही वनस्पती कुणाच्या नजरेत न भरता वाढत होती. आदित्य धारप यांनी २०२०च्या वसंतात तिचे नमुने गोळा केले. आघारकर संशोधन संस्थेतले डॉ. मंदार दातार पुढची दोन-तीन वर्षं तिच्यावर लक्ष ठेवून राहिले, आणि मगच तिला नाव मिळालं.

इतका वेळ लागण्याला कारण होतं. ही वनस्पती वर्षातून दोनदा फुलते. पहिला बहर पावसाळा सरल्यावर, नोव्हेंबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत. उन्हाळ्यात माळाला वणवा लागतो, गवत जळतं, वनस्पतीचा जमिनीवरचा भाग राख होतो. मग जमिनीतल्या लाकडी बुंध्यातून आखूड, खुजे फुटवे येतात आणि मे-जूनमध्ये दुसरा, थोडक्या दिवसांचा पण भरभरून बहर येतो. दोन्ही बहरांतले नमुने शेजारी ठेवले तर ते एकाच जातीचे आहेत हे चटकन पटणार नाही. हिवाळ्यात एकदाच जाऊन आलेल्याला अर्धीच वनस्पती दिसली असती. शिवाय तिच्या फुलोऱ्याची ठेवण भारतातल्या कोणत्याही डिक्लिप्टेराशी जुळेना. जवळचं साम्य निघालं ते आफ्रिकेतल्या जातींशी. तेव्हा क्यूमधल्या तज्ज्ञाकडूनही खात्री करून घ्यावी लागली.

हे पुस्तक अशा कामाबद्दल आहे. उष्ण कटिबंधातल्या वनस्पतींचं वर्गीकरण करणारा शास्त्रज्ञ नेमकं काय करतो, या वाटेला कसा लागतो, त्यावर त्याचं घर चालतं का आणि आयुष्यभराच्या कामातून मागे काय उरतं, हा त्याचा विषय. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकाला तो लांबचा वाटण्याचा संभव आहे. आपल्याकडे मूल दहावीनंतर आयटीआयला किंवा डिप्लोमाला जातं, नाहीतर इंजिनिअरिंग करून कंपनीत लागतं. बॉटनी म्हणजे बारावीला मेडिकलच्या प्रवेशासाठी पाठ करायचा अर्धा विषय. म्हणून या प्रस्तावनेत मला एकच गोष्ट ठासून सांगायची आहे. पश्चिम भारतातल्या वनस्पतींना शास्त्रीय नावं देण्याचं काम ज्या थोड्या ठिकाणी रुजलं, त्यांत आपला हा पट्टा आहे. ते काम जवळजवळ दोनशे वर्षं इथे चालू आहे, ते संपलेलं नाही, आणि ते पूर्णवेळ पगारी काम म्हणून टिकवण्याचा भार आता या पट्ट्यानेही उचलायला हवा.

सुरुवात दापोडीची. दापोडी म्हटलं की आज एसटीची कार्यशाळा, रेल्वे स्टेशन आणि लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय डोळ्यांपुढे येतं. पेशवाईच्या अखेरीस बाजीरावाच्या कवायती पलटणीचा अधिकारी कॅप्टन फोर्ड याचा बंगला मुळा-पवनेच्या संगमाजवळ इथेच होता. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२८ साली तो सरकारसाठी घेतला आणि त्याच्या आवारात सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. १८३८ साली या उद्यानाचा कारभार अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश डॉक्टरकडे आला.

गिब्सन यांची कारकीर्द मी मुद्दाम थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढच्या दीडशे वर्षांत या क्षेत्रातल्या माणसांच्या वाट्याला जे जे आलं त्याचा बराचसा भाग तिच्यात आहे. १८०० साली जन्म, एडिंबरोत वैद्यकीचं शिक्षण, १८२५च्या सुमारास कंपनी सरकारच्या वैद्यकीय सेवेत भरती. दख्खनच्या गावांतून देवीची लस टोचत फिरण्याची नोकरी त्यांनी केली आणि त्या निमित्ताने मराठी, गुजराती आणि हिंदुस्तानी शिकून घेतल्या. त्यांच्या वनस्पतिज्ञानाचा पाया त्या पायपिटीत आहे, असं मला वाटतं. गावचा माणूस ज्या झाडाला नावाने हाक मारतो ते झाड त्याच्याच भाषेत विचारून घेता येणं, ही या कामातली फार मोठी सोय असते. पुढे दापोडीबरोबरच जुन्नरजवळच्या हिवरे इथल्या बागेकडेही त्यांचं लक्ष असे. तिथे सोनामुखीसारख्या औषधी वनस्पती लष्करी दवाखान्यांसाठी पिकवल्या जात.

१८४७ साली ते मुंबई इलाख्याचे वनसंरक्षक झाले आणि १८६०पर्यंत त्या पदावर राहिले. कोकणातली जंगलं तुटल्यामुळे खाड्या गाळाने भरत चालल्या आहेत, हे त्यांनी त्या काळात सरकारला लिहून कळवलं होतं. झाडं ओळखणारा माणूस झाडं तुटण्याचे परिणामही आधी ओळखतो, हे पुन्हा पुन्हा दिसतं.

दापोडीच्या बागेत १८४७ ते १८५० या काळात गिब्सन यांनी एका चित्रकाराकडून वनस्पतींची चित्रं काढून घेतली. त्यांतली १७१ चित्रं आज एडिंबरोच्या शाही वनस्पती उद्यानात आहेत. हेन्री नोल्टी या वनस्पतिशास्त्रज्ञाने २००२ साली त्यांच्यावर सुंदर ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि दापोडीचं नाव वनस्पतिशास्त्राच्या जगात पुन्हा घेतलं जाऊ लागलं. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच ठाऊक आहे. त्याचं नाव कुठेही नोंदलेलं नाही. गिब्सन यांचं नाव मात्र एका कोरांटीला आणि जमिनीवर उगवणाऱ्या एका पांढऱ्या आमरीला मिळालं: बार्लेरिया गिब्सनी आणि हॅबेनारिया गिब्सनी. या दोघांच्या वाट्याला आलेल्या नोंदींतला फरक मला खटकतो, आणि वर्गीकरणाचा इतिहास लिहिणाऱ्याने तो लपवू नये असं वाटतं.

गिब्सन यांचे सहकारी निकोल डॅल्झेल मुंबईच्या कस्टम खात्यात नोकरीला होते. मालाच्या जकातीची नोकरी सांभाळून त्यांनी वनस्पती गोळा केल्या. १८६१ साली दोघांनी मिळून ‘बॉम्बे फ्लोरा’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. पश्चिम भारतातल्या वनस्पतींची वर्णनं देणाऱ्या पहिल्या ग्रंथांपैकी हा एक. पुढे गव्हर्नरांचा मुक्काम गणेशखिंडीत गेला तशी दापोडीची बाग मागे पडली, आणि १८७३ साली गणेशखिंडीत नवं उद्यान उभं राहिलं. त्या उद्यानाला महाराष्ट्र शासनाने २०२० साली जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केलं. दापोडीत बागेची आठवण सांगणारा एक फलक तरी लागावा अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.

या पट्ट्यातल्या कारखान्यांत हजारो इंजिनिअर काम करतात. त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगायला हवी. महाराष्ट्राच्या वनस्पतींवरचा जो ग्रंथ आजही प्रत्येक अभ्यासकाच्या टेबलावर असतो तो एका इंजिनिअरने लिहिलेला आहे. थिओडोर कुक, जन्म १८३६, आयर्लंड. रेल्वेच्या कामावर भारतात आले, वसईच्या खाडीवरच्या लोखंडी पुलाचं काम त्यांनी केलं. १८६५ साली ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे, म्हणजे आजच्या सीओईपीचे, प्राचार्य झाले आणि १८९३पर्यंत तिथे होते. पुढे त्याच कॉलेजचं नाव ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झालं. भारतीय वनस्पती सर्वेक्षण खातं १८९० साली सुरू झाल्यावर पश्चिम भारताची जबाबदारी त्यांच्याकडे आली. निवृत्त होऊन मायदेशी गेल्यावर ते क्यूमध्ये बसले आणि १९०१ ते १९०८ या काळात ‘मुंबई इलाख्याची वनसंपदा’ हा आपला ग्रंथ भागाभागाने पूर्ण केला. दोन वर्षांनी ते गेले. त्या ग्रंथाचं १९५८ साली पुनर्मुद्रण झालं, आणि पुण्याभोवतीच्या टेकड्यांवर मिळालेलं अनोळखी झाड आजही आधी ‘कुकमध्ये पाहा’ असं म्हणतच तपासलं जातं.

कुक यांच्या ग्रंथामागे पुण्यातली बरीच माणसं होती. गणेशखिंडीच्या बागेचे प्रमुख वुड्रो होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात रा. के. भिडे होते, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत त्यांनी गवतांच्या नव्या जातींची वर्णनं लिहिली. गवत हा वर्गीकरणातला अवघड प्रांत. फुलाला पाकळ्या नसतात, जी काही लक्षणं असतात ती भिंगाखाली एका कणिशकात शोधायची. भिड्यांच्या कामाची दखल म्हणून पुढे एका अख्ख्या गवताच्या प्रजातीला ‘भिडिया’ हे नाव देण्यात आलं. या कामाला पुण्यात कायमचं घर मिळालं ते पुढच्या पिढीत, शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्यामुळे. ते मालवणचे. त्यांचा जन्म १८८४चा. कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापकी मिळाली, अभ्यासासाठी जर्मनीला गेले आणि पहिलं महायुद्ध सुरू झाल्यामुळे तिथेच अडकले. बर्लिनहून डॉक्टरेट घेऊन परतले, कलकत्त्याला निवृत्त होईपर्यंत शिकवलं आणि १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची स्थापना केली. १९६०मध्ये अखेर होईपर्यंत ते तिचे संचालक होते. १९९२ साली संस्थेला त्यांचं नाव देण्यात आलं. तळेगावच्या वनस्पतीवर काम झालं ते याच संस्थेत.

आता थोडं उत्तरेला जाऊ. चाकणहून नाशिक रस्त्याने निघालं की नारायणगावच्या अलीकडून-पलीकडून जुन्नरचे डोंगर दिसू लागतात. वर्गीकरण करणाऱ्यांचं हे तीर्थक्षेत्र. डॅल्झेल यांनी १८६०च्या दशकात जुन्नर परिसरातल्या एका मांसल वनस्पतीचं वर्णन करून तिला गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून फ्रेरिया इंडिका म्हटलं. आपल्याकडे तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरीच्या कड्यांच्या भेगांत ती आजही आहे. तिची काळपट लाल, पिवळे ठिपके असलेली, पाच टोकांची चांदणीसारखी फुलं पावसाळ्यात येतात. महाराष्ट्राबाहेर ती कुठेच नाही.

शास्त्रातला तिचा प्रवास पाहण्यासारखा आहे. डॅल्झेल यांनी तिच्यासाठी स्वतंत्र प्रजाती केली, कारण तिच्या नात्यातल्या इतर मांसल वनस्पतींना जवळजवळ पानंच नसतात आणि हिला चांगली ठळक पानं. १९५८ साली तिला कॅराल्युमा या मोठ्या प्रजातीत घातलं गेलं. पानं हे एकच लक्षण प्रजाती वेगळी ठेवायला पुरेसं नाही, असा त्यामागचा विचार. २००२ साली तिची रवानगी बुसेरोसियात झाली आणि आज अनेक ठिकाणी ती बुसेरोसिया फ्रेरी या नावाने नोंदलेली दिसते. नवख्या विद्यार्थ्याला अशा बदलांची चीड येते. नावं सारखी बदलत असतील तर पाठ तरी कशाला करायची, असं तो विचारतो. त्याला मी सांगतो की प्रत्येक बदल म्हणजे तिचं नातं कुणाशी, या प्रश्नाला मिळालेलं आधीपेक्षा चांगलं उत्तर असतं. आधी फक्त फुलं-पानं पाहून उत्तर दिलं जायचं, आता डीएनएही पाहिला जातो. आणि कड्यावरची वनस्पती तीच राहते, म्हणून तिचा मूळ नमुना जपलेला असणं सगळ्यात महत्त्वाचं.

जुन्नरचाच दुसरा धागा के. हेमाद्री यांचा. आयुर्वेदासाठी लागणाऱ्या वनस्पतींचं सर्वेक्षण करताना त्यांनी हे डोंगर पालथे घातले. १९६९ साली दुर्गच्या डोंगरावरच्या एका कंदीलपुष्पाला त्यांनी सेरोपेजिया रोली हे नाव दिलं. १९७१ साली एम. वाय. अन्सारी यांच्यासह जुन्नर तालुक्यातल्याच आणखी एका कंदीलपुष्पाचं वर्णन करून त्याला पुणे विद्यापीठातले प्राध्यापक महाबळे यांचं नाव दिलं. १९८० साली त्यांचा जुन्नर परिसराच्या वनस्पतींवरचा ग्रंथ आला. एका तालुक्यावर एवढं काम करणं ही काही लहान कामगिरी नाही. कंदीलपुष्पं पावसाळ्यात काही आठवडेच वर दिसतात. एरवी जमिनीत कंद. गुराख्याची पोरं हे कंद उकरून खातात. म्हणजे वनस्पती कुठे आहे हे आधीपासून पोरांना ठाऊक, आणि शास्त्रज्ञाला त्यांच्या मागे जावं लागतं.

पिंपरीला परत येऊ. हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा इथला पहिल्या मोठ्या कारखान्यांपैकी एक. १९५०च्या दशकात तो सुरू झाला आणि देशात पेनिसिलिन तयार होऊ लागलं. या कारखान्याच्या प्रयोगशाळेत एम. जे. थिरुमलाचार काम करत. ते मूळचे बुरशींच्या वर्गीकरणाचे तज्ज्ञ. पिकांवरच्या तांबेरा आणि काणी रोगांच्या बुरशी ओळखण्यात बरीच वर्षं घालवलेले. तीच नजर घेऊन ते मातीतल्या सूक्ष्म जिवांकडे वळले, आणि पिंपरीत हाती लागलेल्या एका स्ट्रेप्टोमायसिसला त्यांनी नाव दिलं स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. त्यातून हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळालं. पिंपरी गावाचं नाव असं शास्त्रीय नामावलीत जाऊन बसलं. हा जीव वनस्पती नाही, तरी मी त्याचा उल्लेख करतो, कारण ओळखण्याचं शिक्षण घेतलेला माणूस कारखान्याला किती उपयोगी पडतो याचं याहून चांगलं उदाहरण आपल्या परिसरात नाही.

आता हे काम प्रत्यक्षात कसं चालतं ते जवळून पाहू. सप्टेंबरच्या एका सकाळी टेकडीवर एक अनोळखी वनस्पती दिसली असं समजा. आधी वही काढायची. फुलाचा रंग, वास, देठ तोडल्यावर चीक येतो का, पान चुरगळल्यावर कसं लागतं, सावलीत आहे की उघड्यावर, खडकावर की मातीत, हे सगळं तिथेच लिहायचं, कारण वाळल्यावर यातलं काहीच उरत नाही. मग मुळासकट नमुना घ्यायचा. मोजकीच झाडं असतील तर एक फांदी आणि फोटोवर भागवायचं. वर्तमानपत्राच्या घडीत तो पसरताना एखादं पान उलटं ठेवायचं म्हणजे खालची बाजू दिसते. एखादं फूल उघडून चपटं करायचं. लाकडी जाळीच्या प्रेसमध्ये पट्ट्यांनी आवळून घरी आणायचं. पहिला आठवडा रोज कागद बदलायचे. पावसाळ्यात हे चुकलं की बुरशी येते आणि सगळा दिवस वाया जातो. नमुना वाळला की किडीपासून राखण्यासाठी विषारी द्रावणात बुडवून पुन्हा वाळवायचा, ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर चिकटवायचा, जाड देठ दोऱ्याने टाके घालून बांधायचे. उजव्या कोपऱ्यात लेबल: गाव, टेकडी, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव आणि त्याचा क्रमांक. या कागदाला ‘शीट’ म्हणतात, आणि शीटच्या संग्रहाला हर्बेरियम. पुण्यात कोरेगाव रस्त्यावर भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागात दीड लाखांहून अधिक शीट आहेत. हा विभाग १९५५ साली सुरू झाला.

पुढचं काम टेबलावरचं. गेंद नावाच्या गवतासारख्या छोट्या वनस्पतींचं पाहा, ज्यांची पांढरी बटणं कासच्या पठारावर लोक कौतुकाने बघतात. त्या एका बटणात अनेक फुलं असतात. सूक्ष्मदर्शकाखाली सुईने ती सुटी करायची, पाकळ्यांवरचे केस, परागकोषाचा रंग, बीजाच्या पृष्ठभागावरची नक्षी बघायची, आणि त्या एवढ्याशा फरकांवर जात ठरते. आघारकर संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०२०च्या सुमारास गेंदाच्या दोन नव्या जाती जाहीर केल्या. त्यातली एक सिंधुदुर्गातली, दुसरी कर्नाटकच्या किनाऱ्यावरची. नवी जात आहे असं वाटलं की आधीच्या साऱ्या जातींचे मूळ नमुने तपासावे लागतात. ते बहुतेक क्यूला किंवा एडिंबरोला. पूर्वी त्यासाठी परदेशी जायची संधी मिळावी लागे. आता बऱ्याच शीटची छायाचित्रं पडद्यावर उघडता येतात. २०११च्या अखेरपर्यंत नव्या जातीचं वर्णन लॅटिनमध्ये देणं सक्तीचं होतं. आता इंग्रजी चालतं. नव्या पिढीला काम सोपं झालं आहे, पण सुई, भिंग आणि पायपीट यांना पर्याय आलेला नाही.

आणि पोट? हा प्रश्न पालक विचारतात आणि तो रास्त आहे. एम.एस्सी., मग पीएच.डी., असा सात-आठ वर्षांचा रस्ता. पुढे वनस्पती सर्वेक्षण, आघारकरसारख्या संस्था, विद्यापीठं आणि कॉलेजं. जागा थोड्या, भरती रखडलेली. कॉलेजांतून वर्गीकरणाचे तास आटत गेले आणि हुशार मुलं जैवतंत्रज्ञानाकडे गेली. हे मी झाकत नाही. पण दुसरी बाजूही आहे. इथल्या फार्मसी कॉलेजांतल्या विद्यार्थ्याला एखाद्या वनौषधीवर प्रबंध करायचा असेल तर आधी ती वनस्पती तीच आहे असं प्रमाणपत्र आणावं लागतं, आणि ते वर्गीकरणतज्ज्ञाच्या सहीने मिळतं. बाजारात अशोकाची साल म्हणून दुसऱ्याच झाडाची साल विकली जाते. शंखपुष्पी म्हणून तीन-चार वेगवेगळ्या वनस्पती खपतात. औषध कंपनीला कच्चा माल तपासायला ओळखणारा माणूस लागतो. मोठ्या प्रकल्पांच्या पर्यावरणीय अभ्यासात जैवविविधतेचा तज्ज्ञ घ्यावा लागतो. १९७५च्या वृक्षसंवर्धन कायद्याप्रमाणे महापालिकेकडे वृक्ष प्राधिकरण असतं, वृक्षगणना करावी लागते, आणि २०२१च्या दुरुस्तीपासून पन्नास वर्षांहून जुन्या झाडांना वारसा वृक्षांचा दर्जा आहे. झाडाचं वय काढायचं तर आधी झाडाची जात बिनचूक ठाऊक हवी. २००२च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक संस्थेला लोकांची जैवविविधता नोंदवही करायला सांगितलं आहे. कामं पुष्कळ आहेत; ती कामं करणाऱ्यासाठी कायमची खुर्ची नाही.

ती खुर्ची नसल्याची किंमत माळ मोजतात. महसुली भाषेत माळ म्हणजे पडीक. २००६च्या पर्यावरणीय अधिसूचनेप्रमाणे प्रकल्पाच्या जागेची माहिती साधारणपणे पावसाळा सोडून एकाच हंगामाची गोळा केली जाते. ज्या प्रदेशात कंदीलपुष्पं, आमरी, गेंद, सीतेची आसवं आणि इतर बऱ्याच छोट्या वनस्पती फक्त पावसाळ्यात वर येतात, तिथे मार्च महिन्यात जाऊन ‘विशेष वनस्पती आढळल्या नाहीत’ असं लिहिणं म्हणजे बंद दुकानाबाहेर उभं राहून माल नाही असं सांगण्यासारखं आहे. उलट बाजूने, कंपन्यांचे वृक्षारोपणाचे उपक्रम चांगल्या मनाने माळावर येतात, खड्डे घेतात आणि गिरिपुष्प किंवा गुलमोहर लावतात. दहा वर्षांत सावली वाढते, गवत जातं आणि गवताबरोबर त्यातलं सगळं जातं. तळेगावची डिक्लिप्टेरा उघड्या, वणव्याची सवय झालेल्या माळावरची आहे. तिच्या डोक्यावर जंगल लावलं तर ती जगेल असं मला वाटत नाही. कुठे झाड लावायचं आणि कुठे लावायचं नाही हे सांगणारा माणूस प्रत्येक अशा उपक्रमाच्या बैठकीत असला पाहिजे, आणि त्याच्या शब्दाला वजन असलं पाहिजे.

या पुस्तकातली पुढची प्रकरणं वाचताना काही नावं, कुळं, संज्ञा अडतील. त्या तिथेच सोडून पुढे जावं, दुसऱ्या वाचनात त्या आपोआप उलगडतात. शिक्षकांनी हर्बेरियमचं प्रकरण आधी वाचावं आणि मुलांच्या हातून निदान दहा शीट करून घ्यावीत. कॉलेजच्या कपाटात जुनी, धूळ बसलेली शीट असतील तर ती रद्दीत देऊ नयेत. लेबलवरचं गाव वाचता येत असेल तर त्या शीटला आजही मोल आहे, कारण त्या गावाच्या जागी आता कदाचित कारखाना उभा असेल.

आणि एक विनंती. भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर या तीन टेकड्या आपण तुकोबांमुळे ओळखतो. तिन्ही आता रस्ते, कारखाने आणि वसाहतींनी वेढल्या जात आहेत. या पट्ट्यातल्या कॉलेजांनी एकेक टेकडी वाटून घ्यावी. जूनपासून पुढच्या मेपर्यंत, म्हणजे पाऊस, हिवाळा आणि वणव्यानंतरचे दिवस धरून, तिथल्या प्रत्येक वनस्पतीची नोंद करावी आणि नमुने कोरेगाव रस्त्यावरच्या किंवा आघारकर संस्थेच्या हर्बेरियममध्ये जमा करावेत. कंपन्यांनी आपल्या सामाजिक निधीतून या कामासाठी दोन-तीन तरुण वनस्पतिशास्त्रज्ञांना पूर्ण पगारावर नेमावं, आणि महापालिकेने उद्यान विभागात वर्गीकरणतज्ज्ञाचं एक कायम पद मंजूर करावं. येत्या पावसाळ्यात सुरुवात करता येईल.